दोन उड्डाणांच्या मधला काळ

प्रवासाचा इतिहास लिहिणारे लेखक प्रवासावर लिहितात; प्रवासाच्या तयारीवर फारसें कोणी लिहीत नाहीं. कोणतें गलबत कोणत्या किनाऱ्यास लागलें हें बखरींत सांपडतें. त्या गलबताच्या फळ्यांच्या फटी कोणीं बुजविल्या, हें सांपडत नाहीं. आपल्या पुष्पक विमानाचेंच उदाहरण घ्या. कुबेराचें तें विमान रावणानें हिरावून घेतलें, तें पुढें रामचंद्रांस लंकेहून अयोध्येस घेऊन आलें, आणि अखेर मूळ धन्याकडे परत गेलें. म्हणजे हें पुनःपुन्हां उपयोगांत येणारें विमान. परंतु दोन उड्डाणांच्या मध्यें त्याची तपासणी कोण करी, याविषयीं कवि मौन धरितो. काव्यास तें शोभतें. देवांच्या विमानांस डागडुजी लागत नसेल; माणसांच्या विमानांस ती लागते, आणि इतिहासास असें मौन परवडत नाहीं.

अमेरिकेच्या ‘स्पेस शटल’ नांवाच्या यानांचा इतिहास या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत या यानांचीं १३५ उड्डाणें झालीं. त्यांपैकीं दोन उड्डाणांत मिळून चौदा माणसें प्राणांस मुकलीं. हे दोन्ही अपघात आकाशांत घडले, हें सर्वांनीं पाहिलें. परंतु त्यांचा निकाल आकाशांत लागला नव्हता; तो त्यापूर्वींच जमिनीवर, कारखान्यांत आणि बैठकींच्या टेबलाभोंवतीं लागून चुकला होता. परत आलेल्या यानाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, या एका प्रश्नाच्या उत्तरावर तो अवलंबून होता. तो प्रश्न काय होता, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

१९६९ सालीं माणसांस चंद्रावर नेणारा सॅटर्न-५ हा अग्निबाण सुमारें ११० मीटर उंच होता. त्यांतून प्रवाशांसह पृथ्वीवर परत येई ती शंकूच्या आकाराची एक लहानशी कुपी. आणि तीही पुन्हां उपयोगांत आणीत नसत. बाकी सारें समुद्रांत किंवा अवकाशांत टाकून दिलें जाई. हा पत्रावळीचा व्यवहार होता: जेवण झालें कीं पत्रावळ उकिरड्यावर. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं ५ जानेवारी १९७२ रोजीं ज्या नव्या यानाची घोषणा केली, तें यान म्हणजे पत्रावळ सोडून ताट घेण्याचा संकल्प होता. पंख असलेलें मुख्य यान अवकाशांत जाऊन विमानाप्रमाणें धावपट्टीवर उतरावें; त्यास वर ढकलणारे दोन घन इंधनाचे अग्निबाण हवाई छत्र्यांच्या साह्यानें समुद्रांत पडावे व तेथून काढून पुन्हां भरावे; फक्त इंधनाची मोठी टांकी तेवढी दर खेपेस नवी घ्यावी, अशी ही योजना होती. खर्च वांचेल, अवकाशप्रवास नित्याचा होईल, परतलेलें यान कामाच्या १६० तासांत, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत, पुन्हां उड्डाणास सिद्ध होईल, असें गणित मांडलें गेलें होतें.

या गणितांत एक गोष्ट हिशेबांत पुरेशी धरली गेली नव्हती. पत्रावळ घांसावी लागत नाहीं. ताट घांसावें लागतें.

मार्च १९७९ मध्यें ‘कोलंबिया’ हें पहिलें यान एका बोइंग विमानाच्या पाठीवर बसून फ्लोरिडांतील केनेडी अंतराळ केंद्रांत आलें, तेव्हां त्याच्या अंगावरील हजारों टाइल बसवावयाच्या राहिल्या होत्या. या टाइलींस आपण कौलें म्हणूं. कारण पावसाळ्याच्या तोंडावर कोंकणांतील घरधनी जशीं आपल्या घराचीं कौलें एक एक हातीं घेऊन पाहतो, तसेंच हें काम होतें. यान परत येतांना वातावरणाशीं घर्षण होऊन त्याच्या पोटाखालीं बाराशें अंश सेंटिग्रेडहूनही अधिक उष्णता निर्माण होते. आणि त्याचा सांगाडा तर अ‍ॅल्युमिनियमचा, त्यास पावणेदोनशें अंशांपलीकडे ताप सोसत नाहीं. या दोहोंच्या मध्यें उभीं राहिलीं तीं सिलिकाच्या तंतूंचीं, हातांत धरिलीं असतां नुसती हवा धरल्यासारखीं हलकीं कौलें. तीं तीस हजारांहून अधिक होतीं. यानाच्या अंगाचा बांक ठिकठिकाणीं निराळा असल्यामुळें जवळजवळ प्रत्येक कौलाचा आकार निराळा. प्रत्येकाचा क्रमांक निराळा, जागा निराळी. कौल थेट धातूवर चिकटवितां येत नसे. मध्यें नमद्यासारखी एक मऊ गादी घालावी लागे. पुढें असें आढळून आलें कीं, या गादीमुळें ओढीचा सारा भार कौलाच्या तळाशीं थोड्याच बिंदूंवर एकवटतो व कौल निखळूं शकतें. तेव्हां बसविलेलीं कौलें ओढून परीक्षा घेण्यांत आली, हजारों कौलें काढण्यांत आलीं, त्यांचे तळ सिलिकाचा लेप देऊन घट्ट करण्यांत आले, आणि तीं पुन्हां बसविण्यांत आलीं. या खटाटोपांत वीस महिने गेले. नोव्हेंबर १९८० मध्यें यान त्या शाळेंतून बाहेर पडलें.

पहिल्या उड्डाणापूर्वींची आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. १९ मार्च १९८१ रोजीं उड्डाणाची रंगीत तालीम संपल्यावर कांहीं कामगार यानाच्या मागील भागांत शिरले. आग लागूं नये म्हणून त्या पोकळींत नायट्रोजन वायु भरलेला होता. तो अद्याप काढलेला नव्हता. नायट्रोजनास रंग नाहीं, वास नाहीं. आंत प्राणवायु नाहीं हें माणसास कळण्यापूर्वींच त्याची शुद्ध हरपते. त्या कामगारांपैकीं एक त्याच दिवशीं व दुसरा कांहीं दिवसांनीं मरण पावला. शटलयानानें घेतलेले हे पहिले बळी. आणि ते यान जमिनीवर उभें असतांना, त्याची तयारी करणाऱ्यांतून घेतले गेले.

१२ एप्रिल १९८१ रोजीं, गागारिन यांच्या उड्डाणास बरोबर वीस वर्षें झालीं त्या दिवशीं, जॉन यंग व रॉबर्ट क्रिपन या दोघांना घेऊन कोलंबियानें उड्डाण केलें व दोन दिवसांनीं तें कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत सुखरूप उतरलें. सोळा कौलें गळालीं होतीं व सुमारें दीडशें दुखावलीं होतीं. जगानें टाळ्या वाजविल्या त्या या उड्डाणास. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें खरी नवलाई दुसऱ्या उड्डाणाची होती. कारण माणसें घेऊन कक्षेंत जाऊन आलेलें यान पुन्हां कक्षेंत नेण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्याच्या तयारींत इंधनाचा एक दाहक घटक भरतांना सांडला, त्याच्या स्पर्शानें कौलांखालचा चिकटा सुटला, आणि तीनशेंहून अधिक कौलें उतरवून, धुवून पुन्हां लावावीं लागलीं. अखेर १२ नोव्हेंबर १९८१ रोजीं, म्हणजे सात महिन्यांनीं, कोलंबिया दुसऱ्यांदा आकाशांत गेलें. दोन आठवड्यांच्या गणिताचा पहिला पडताळा हा असा आला.

दोन उड्डाणांच्या मध्यें काय काय करावें लागे, याची थोडीशी कल्पना देणें इष्ट आहे. यान उतरतांच प्रथम त्याच्याभोंवतीं विषारी वायूचा मागमूस नाहीं ना, हें पाहत. मग तें तयारीच्या शाळेंत नेऊन त्याच्याभोंवतीं मचाण उभारीत. तिन्हीं मुख्य एंजिनें तपासणीसाठीं उतरवीत. प्रत्येक कौल माणसें डोळ्यांनीं पाहत व हातांनीं चांचपीत. त्यांत पाणी मुरूं नये म्हणून प्रत्येकांत पिचकारीनें एक रसायन पुन्हां भरीत, कारण पूर्वींचें औषध परतीच्या उष्णतेंत जळून गेलेलें असे. समुद्रांतून आणलेले घन इंधनाचे अग्निबाण सुटे करून, त्यांचे खंड आगगाडीनें हजारों किलोमीटर दूर यूटा प्रांतांतील कारखान्यांत जात व इंधन भरून परत येत. मग यान, टांकी व अग्निबाण १६० मीटर उंचीच्या इमारतींत उभें करून जोडीत, आणि तो सारा डोलारा एका अजस्र रणगाडासदृश वाहनावर चढवून माणसाच्या चालीहूनही मंद गतीनें उड्डाणमंचाकडे नेत. हें सर्व अत्यंत घाईनें करूनही दोन उड्डाणांतील किमान अंतर ५४ दिवसांचें पडलें. तो विक्रम ‘अटलांटिस’ यानानें १९८५ सालीं केला. त्या वर्षीं एकूण नऊ उड्डाणें झालीं. तितकीं उड्डाणें पुढें एकाही वर्षीं झालीं नाहींत.

येथवर जें सांगितलें तें श्रमांविषयीं झालें, आतां दृष्टीविषयीं. परत आलेलें यान दोन नात्यांनीं आपल्यासमोर उभें राहतें. एक, तें स्वतःच्या सुरक्षिततेचें प्रमाणपत्र असतें: “पाहा, मी जाऊन आलें, माझ्यांत दोष असता तर परत आलें असतें काय?” दुसरें, तें साक्षीदार असतें: तेथें काय घडलें, कोठें किती झीज झाली, कोठें मरण बोटभर अंतरावरून गेलें, याची खूण तें अंगावर वागवीत येतें. समुद्राच्या तळाशीं गेलेला अग्निबाण अशी साक्ष देऊं शकत नाहीं. म्हणून पुन्हां वापरल्या जाणाऱ्या यानाचा खरा लाभ खर्च वांचण्यांत नसून ही साक्ष मिळण्यांत आहे, असें आम्हांस वाटतें. मात्र प्रमाणपत्र वाचणें सोपें असतें. साक्ष ऐकणें कठीण असतें, कारण ती बहुधा गैरसोयीची असते.

घन इंधनाच्या अग्निबाणाचे खंड जेथें जोडले जात, त्या सांध्यांतून तप्त वायु बाहेर फुटूं नये म्हणून प्रत्येक सांध्यांत रबराचीं दोन कडीं बसविलेलीं असत. कड्याची जाडी सुमारें सात मिलिमीटर. व्यास मात्र साडेतीन मीटरांहून अधिक. १९८१ च्या दुसऱ्या उड्डाणानंतर समुद्रांतून आणलेला अग्निबाण उघडला, तेव्हां एका कड्यावर वायूनें कोरल्याची खूण आढळली. ही पहिली साक्ष. पुढील उड्डाणांत अशा खुणा पुनःपुन्हां दिसल्या. जानेवारी १९८५ मध्यें कडाक्याच्या थंडीनंतर झालेल्या उड्डाणांत वायु पहिल्या कड्यास ओलांडून गेला व दोन कड्यांच्या मध्यें काळी काजळी सांठली. थंडीनें रबर ताठर होतें व सांधा वेळेवर बंद होत नाहीं, असा अर्थ त्या काजळीनें स्पष्ट लिहून ठेविला होता. कारखान्यांतील रॉजर बॉइझ्जोली या अभियंत्यानें ३१ जुलै १९८५ च्या टिपणांत मनुष्यहानीचा इशाराही दिला. परंतु प्रत्येक वेळीं यान सुखरूप परत आलें होतें. आणि जी खूण प्रथम दोष म्हणून नोंदविली गेली, ती हळूहळू ‘अपेक्षित झीज’ या सदरांत जाऊन बसली. अतिपरिचयानें अवज्ञा होते, ही म्हण संकटांसही लागू पडते.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्रीं ‘चॅलेंजर’ यानाच्या उड्डाणाविषयीं दूरध्वनीवर बैठक झाली. सकाळीं पाणी गोठण्याइतकी थंडी पडणार होती. सांध्याचें तापमान ५३ अंश फॅरनहाइटपेक्षां, म्हणजे सुमारें १२ अंश सेंटिग्रेडपेक्षां, कमी असतां उड्डाण करूं नये, असें कारखान्याच्या अभियंत्यांनीं सांगितलें. तेवढ्या थंडींतील उड्डाणाची साक्ष त्यांच्यापाशीं होती. त्याखालची साक्षच नव्हती. नासाच्या अधिकाऱ्यांनीं नापसंती दर्शविली. कारखान्याच्या चालकांनीं आपसांत खलबत केलें. तेव्हां एका वरिष्ठानें आपल्या सहकाऱ्यास अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालण्यास सुचविलें, हें पुढें चौकशींत बाहेर आलें. टोपी बदलली, सल्लाही बदलला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुमारें दोन अंश सेंटिग्रेड तापमानांत चॅलेंजर उडालें आणि ७३ सेकंदांनीं नष्ट झालें. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ या शाळेंतील शिक्षिकेसह सात जण होते. चौकशी समितीपुढें पदार्थविज्ञानवेत्ते रिचर्ड फाइनमन यांनीं त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यांत बुडवून तो कसा ताठरतो हें दाखविलें. पेलाभर पाण्यांत जें दिसलें, तें समुद्रांतून आलेले अग्निबाण चार वर्षें सांगत होते.

त्यानंतर बत्तीस महिने उड्डाणें थांबलीं. सांध्यांची रचना बदलली, तिसरें कडें आलें, सांधा उबदार ठेवण्याची योजना झाली. आणि २९ सप्टेंबर १९८८ रोजीं ‘डिस्कव्हरी’ यान पांच अनुभवी अंतराळवीरांसह वर जाऊन सुखरूप परतलें. या पुनरागमनाचें कौतुक योग्यच होतें. पण रबराचा धडा शिकणें म्हणजे साक्ष ऐकण्याचा धडा शिकणें नव्हे, हें लौकरच दिसून आलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत अटलांटिस यान परतलें तेव्हां त्याच्या सातशेंहून अधिक कौलांवर आघात झालेले होते व एक कौल समूळ नाहींसें झालें होतें. यानाचा नायक रॉबर्ट गिब्सन यानें तें नुकसान अवकाशांतूनच पाहिलें होतें. जमिनीवरील मंडळींस मात्र तें गंभीर वाटलें नाहीं. कौल निखळलें तेथें खालीं योगायोगानें धातूची जाड पट्टी होती, म्हणून तीं माणसें वांचलीं. योगायोगास अभियांत्रिकीचें यश समजण्याइतकी महाग चूक दुसरी नाहीं.

ती चूक पुढें कोणत्या रूपानें आली हें सर्वश्रुत आहे. टांकीवरील उष्णतारोधक फोमचे तुकडे उड्डाणाच्या वेळीं सुटून यानावर आपटत, हें पहिल्या उड्डाणापासून माहीत होतें. कौलांवरचे ओरखडे तें दर खेपेस सांगत होते. ऑक्टोबर २००२ मध्यें असा एक तुकडा अग्निबाणावर आदळून त्यास पोंचा पडला. तरीही उड्डाणें चालूच राहिलीं. १६ जानेवारी २००३ रोजीं कोलंबिया उडाल्यावर ८२ व्या सेकंदाच्या सुमारास पाऊण किलो वजनाचा फोमचा तुकडा त्याच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. हें चित्रफितींत दिसलें. कांहीं अभियंत्यांनीं अवकाशांतील यानाचीं छायाचित्रें घ्यावीं अशी मागणी केली. ती पुढें सरकली नाहीं. १ फेब्रुवारी रोजीं परत येतांना, उतरण्यास सोळा मिनिटें उरलीं असतां, यान टेक्सासच्या आकाशांत विखुरलें. सात प्रवाशांत कर्नालच्या कल्पना चावला होत्या. १९९७ सालीं त्यांना पहिल्या प्रवासाहून सुखरूप परत आणणारें यानही हेंच कोलंबिया. त्या दिवशीं भारतांतील घराघरांत जें दुःख झालें त्यांत ही एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं: ज्या यानानें एकदां विश्वास राखला, त्याच्यावर दुसऱ्यांदा बसणाराचा अधिकार अधिक कसून केलेल्या तपासणीचा असतो, अधिक विश्वासाचा नव्हे.

त्या वर्षींच्या जुलैंत चौकशी मंडळानें पंखाच्या कडेच्या एका खऱ्या भागावर तसाच फोमचा तुकडा तोफेनें मारून पाहिला. भागास मोठें भगदाड पडलें. इतका हलका पदार्थ काय करणार, हा वाद तेथें संपला. ऑगस्टच्या अहवालांत मंडळानें फोमइतकाच दोष संस्थेच्या वागण्याच्या रीतीसही दिला. २६ जुलै २००५ रोजीं डिस्कव्हरी पुन्हां निघालें. आतां अवकाशस्थानकाजवळ पोंचतांच यान सावकाश कोलांटी घेऊन आपलें पोट दाखवी व स्थानकांतील माणसें त्याचीं छायाचित्रें घेत; म्हणजे तपासणी जमिनीवरून आकाशांत नेली गेली. त्याही उड्डाणांत टांकीवरून फोमचा मोठा तुकडा सुटला; पण तो यानास लागला नाहीं. यान सुखरूप उतरलें, नायिका आयलीन कॉलिन्स व सहकारी हंसतमुखानें खालीं आले. आणि तरीही पुढचें उड्डाण जवळजवळ एक वर्ष, जुलै २००६ पर्यंत, रोखून धरण्यांत आलें. शटलयानाच्या इतिहासांतील सर्वांत मोठा विजय कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही हेंच वर्ष दाखवूं. परत आलेल्या यानाचें प्रमाणपत्र बाजूस ठेवून त्याची साक्ष ऐकली गेली, असें हें वर्ष होतें. पुढें २१ जुलै २०११ रोजीं अटलांटिस शेवटचें उतरेपर्यंत एकही अंतराळवीर गमवावा लागला नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ताटाचा हा सारा उद्योगच फसला. पत्रावळ बरी होती. हा निष्कर्ष उतावीळपणाचा होईल. मे २०२० मध्यें ‘एंडेव्हर’ नांवाची ड्रॅगन कुपी दोन अंतराळवीरांना घेऊन गेली. ती परत आल्यावर तिच्या उष्णतारोधक ढालीची कांहीं ठिकाणीं अपेक्षेपेक्षां अधिक झीज झालेली आढळली. प्रवासी सुखरूप होते. तरी त्या वर्षींच्या नोव्हेंबरांतील पुढील कुपीची ढाल तेथें अधिक बळकट करण्यांत आली. तीच एंडेव्हर कुपी २३ एप्रिल २०२१ रोजीं चौघांना घेऊन पुन्हां निघाली, तीही पूर्वीं एकदां वापरलेल्या अग्निबाणावर. हें साधलें, कारण झीज बोलली आणि तिचें बोलणें कोणीतरी लिहून घेतलें. हीच रीत उद्यां कोणी सोडील, तर यान नवें असूनही इतिहास जुनाच घडेल.

आपल्या देशांतही अशा यानाचे प्रयोग झाले आहेत. इस्रोनें ‘पुष्पक’ नांवाचें पंखधारी यान कर्नाटकांत चित्रदुर्गाजवळ हेलिकॉप्टरमधून सोडून धावपट्टीवर आपोआप उतरविलें. मार्च २०२४ मध्यें उतरलेलें तेंच अंग जूनमध्यें पुन्हां सोडून पुन्हां उतरविलें. त्यांत माणूस नव्हता. कधीं तरी असेल. त्या वेळीं दोन उड्डाणांच्या मध्यें पुष्पकाभोंवतीं मचाण बांधून जीं माणसें त्याच्या अंगावरून हात फिरवितील, त्यांच्यापैकीं एकानें “येथें कांहीं तरी निराळें लागतें” असें म्हटलें, तर त्याच्या म्हणण्याखातर उड्डाण थांबविण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे.